बसलेली हत्यारं

आमच्या वस्तीची विहीर पाच परस खोल गेली, म्हणजे पाच माणसं एकाच्या डोक्यावर एक उभी राहतील एवढी, आणि तळाच्या मुरुमातून पाणी लागलं. वस्तीतल्या बायकांनी हंडे वाजवले. गावातून कुणी बघायला आलं नाही.

अडचण वरची होती. वरचे तीन परस निव्वळ काळी माती. उन्हाळ्यात ती फाटते. काठावरच्या भेगेत माझा हात कोपरापर्यंत जायचा. रोज एखादी ढेप सुटायची आणि तो धप्प आवाज वस्तीत ऐकू यायचा. सकाळी माझा थोरला भाऊ दोराला धरून खाली उतरायचा, पडलेली माती टोपलीत भरून वर पाठवायचा. त्याचं म्हणणं, दोन दिवस माती राहू दिली तर पाणी गाडलं जाईल. आईचं म्हणणं, एक दिवस तूच गाडला जाशील. दोघांचंही खरं होतं. मिरगाच्या आत विहीर दगडानं बांधून घेणं, एवढाच उपाय होता.

गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी नव्हतं. कागदावर होतं. राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं, आमच्या शाळेची पाटी बदलली, तहसीलदार दोनदा बदलला. विहिरीचा काठ तेवढा बदलला नाही. म्हणून आम्ही आमची खणली. तीन उन्हाळे ओढ्यातून दगड वाहून आणले. दगड होते, माणसं होती, बांधणारा पाहिजे होता.

हे सगळं आमच्या पत्रकांत छापलं गेलं. पुढं जे झालं ते छापलं नाही. ती पत्रकं मीच लिहायचो, त्यामुळं कुणी गाळलं ते मला पक्कं माहीत आहे.

गावाबाहेर गायरानावर वडारांची चार घरं पालं ठोकून होती. त्यातला एक, पन्नाशीचा, हाताची बोटं आखूड आणि जाड, आमची विहीर बांधायला राजी झाला. तळाचे दोन थर त्यानं रचलेसुद्धा. मग त्याला चावडीवर बोलावणं आलं. गावात ज्याच्या शब्दावाचून पान हलत नव्हतं त्या मालकानं त्याला काय सांगितलं ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मी त्याच्या घरी गेलो तर दारात पोतं अंथरलेलं, त्यावर दगड फोडायची सुतकी, छिन्न्या, पहार, ओळंबा ओळीनं मांडलेले. प्रत्येकाला हळदकुंकू, पुढं लिंबू.

"हत्यारं बसवलीत," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"बसलीत. उठंस्तवर हात लावता येत न्हाई."

"कवा उठतील?"

"ते मला काय इचारायलास? त्यांना इचार."

माझं डोकंच फिरलं. आमच्या घरातले देव माझ्या जन्माआधी ओढ्यात गेले होते. ज्या वर्षी वस्तीनं धर्म बदलला त्या वर्षी आजोबांनी टोपलीत भरून नेले आणि परत येताना टोपलीसुद्धा आणली नाही, असं घरात सांगतात. त्या घरातला पोरगा मी. लोखंडाला कुंकू लावून बसलेल्या माणसासमोर उभा राहून मी त्याला अंधश्रद्धेवर चांगलं अर्धा तास सुनावलं. तो ऐकत राहिला. मध्ये एकदा त्यानं लिंबावरची माशी हाकलली, बस.

मग आम्ही सायकली काढल्या.

आम्ही पाच जण. एक मास्तर होते, शेजारच्या तालुक्यात शाळेवर, आमच्यातले सगळ्यात मोठे आणि सगळ्यात कमी बोलणारे. एक आमच्या हॉस्टेलचा लंबू, ज्याचे गुडघे सायकलच्या हँडलला लागायचे. आणखी दोघं भाऊ होते, चुलत, ते एकमेकांशीच बोलायचे. आणि मी. मी तेव्हा वीसचा होतो. आता सत्तावीसचा आहे, राग तेवढाच आहे.

बेत असा: औरादच्या अंगानं निघायचं, भालकी, हळ्ळीखेड, हुमनाबाद करत गुलबर्ग्याच्या पुढं आळंदच्या रस्त्यापर्यंत जायचं, आणि वाटेवरच्या प्रत्येक गावात कारागीर शोधायचा. एक नाही म्हणाला तर दुसरा, दुसरा नाही तर दहावा. सोबत सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं आणि पत्र्याचा भोंगा. पत्रकाचं शीर्षक माझंच: कारागीर बंधूंनो, उठा! भोंगा माझ्या कॅरेजला बांधला होता. तो माझ्याकडंच राहावा, असा माझा आग्रह होता.

पहिल्या दिवशी ठाणाकुशनूरच्या अलीकडं एका म्हाताऱ्या लोहाराकडं थांबलो. वडाराला छिन्नी लागते आणि छिन्नीला दर दोन दिवसांनी धार लागते. तेव्हा वडार कुठं कुठं आहेत ते लोहाराला ठाऊक असतं. मास्तरांचा हा हिशोब बरोबर होता. म्हातारा दख्खनी बोलणारा, दाढीला मेंदी. भट्टी थंड. भात्याच्या तोंडाला हिरवा दोरा बांधलेला आणि कोपऱ्यात लोबानाचा धूर.

"आओ, बैठो. पानी पियो," तो म्हणाला. "काम की बात नक्को."

"कामून नक्को, चाचा?"

"औजाराँ बैठे सो हैं."

लंबू माझ्याकडं बघून म्हणाला, "घ्या. ह्यांचीबी बसली. आता आपण तेवढेच उभे ऱ्हायलाव."

मी म्हाताऱ्याला विचारलं, तुमच्यात तर हे कुंकू-लिंबू चालत नाही, मग हे काय? तो हसला. खालचे दोनच दात होते. "कुंकू किधर है बेटा? धागा है." त्यानं आम्हाला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. आमचं गाव कुठलं ते विचारलं. मी सांगितलं तसा त्याचा हात गुळाच्या डब्यावर थांबला. मग त्यानं आणखी एकेक खडा दिला आणि म्हणाला, विहिरीत माणूस उतरवू नका. मला वाटलं, म्हातारा माणूस, काळजीनं बोलतो आहे. विहिरीबद्दल आम्ही त्याला अजून काही सांगितलंच नव्हतं, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. मास्तरांच्या आलं होतं. पुढच्या चढावर सायकल हातात धरून चालताना ते म्हणाले, "त्याला आधीच माहीत होतं." मी म्हणालो, वाईट बातमी चालत नाही, पळते. विषय संपला.

एप्रिल सरत आला होता. डांबर चाकाला चिकटायचं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली रानं, त्यात माणूस दिसायचा नाही. गावागावात बसलेली हत्यारं. भालकीच्या पुढं एका सुताराकडं गेलो. कन्नड बोलणारा, धिप्पाड, कानात भिकबाळी. "कूड्री तम्मा," म्हणाला, बसा. वाकस, रंधा, करवत भिंतीला टेकवून ठेवलेली, त्यांच्यावर झेंडूची माळ. बाजूला सागवानाची एवढी मोठी चौकट की तिच्यातून बैलगाडी गेली असती. ती पोत्यांत गुंडाळून, तोंड भिंतीकडं करून उभी केलेली, शिक्षा झालेल्या पोरासारखी.

"ही कुणाची, अण्णा?"

"ज्याची असंल त्याची."

"झाली न्हाई अजून?"

"कशी होईल? ती बी बसलीय."

त्याची बायको आतून काहीतरी कन्नडमध्ये म्हणाली. मास्तरांना कन्नड चांगलं यायचं. ती म्हणाली होती, पोरांना जास्त बोलू देऊ नका. मास्तर उठले. मी मात्र त्या सुताराला पत्रक वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मनगट हे माणसाचं दैवत आहे, लोखंड नव्हे, हे वाक्य मी दोनदा वाचलं. सुतार मान डोलवत राहिला. "चांगलं लिवलंय," म्हणाला. "पर तम्मा, ही वरडून वाचायची चीज न्हाई."

हळ्ळीखेडला पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तिथं दगडाची खाण. खाणीचा आवाज मैलभर आधी ऐकू येतो, असं मास्तर सांगत होते. काहीच ऐकू आलं नाही. खाणीच्या काठावर लिंबाखाली आठ-नऊ वडार बसलेले, जमिनीवर रेघा ओढून खड्यांचा डाव मांडलेला. मागं दगडावर छिन्न्यांची रांग, कुंकवानं लाल. अर्धवट फोडलेले दगड जिथल्या तिथं. एवढी माणसं आणि एवढं लोखंड, आणि आवाज फक्त लिंबातल्या कावळ्यांचा.

मी भोंगा सोडायला लागलो. मास्तरांनी माझा हात धरला. "हितं नको."

एक तरणा वडार आमच्याकडं बघून हसला. "का ओ, तुमीच का ते सायकलवाले? रोज येक गाव खायलाव म्हनं."

"गाव खायला न्हाई, माणूस शोधायला आलाव," लंबू म्हणाला. "येक तरी उठा की. आमच्यातला ह्यो बघा, ह्याचं भाषण ऐकून मेलेलं बी उठतंय. पळून जायला."

सगळे हसले. मीही हसलो असेन. मग त्यांच्यातला एक वयस्कर उठून जवळ आला, माझ्या सायकलच्या सीटवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, लई भागलाव तुमी. घरला जावा. आठ-धा दिस विहिरीत कुणाला उतरू देऊ नगा. मग बगू."

"मग काय बगू?" मी म्हणालो. "मिरूग आल्यावर?"

"बगू म्हनलं की."

माझा भाऊ उद्या सकाळी पुन्हा दोराला लटकून खाली उतरणार. आणि हा मला आठ-दहा दिवस सांगतोय. मला त्या माणसाची इतकी चीड आली की मी त्याचा हात सीटवरून काढून टाकला. तो परत जाऊन डावात बसला.

आता जे झालं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या बाजारगावी आठवडी बाजार होता. गावाचं नाव लिहीत नाही, त्या गावाचा दोष नाही. बाजार भरात होता. मास्तर आणि लंबू पंक्चर काढायला गेलेले. ते दोघं चुलत भाऊ पत्रकं वाटत होते. मी पाराच्या कट्ट्यावर चढलो आणि भोंगा तोंडाला लावला.

मला बोलता येतं. खोटं कशाला सांगू. लोक जमले. मी विहिरीबद्दल बोललो, काळ्या मातीबद्दल बोललो, माझ्या भावाबद्दल बोललो. मग मी कारागिरांवर घसरलो. माणूस मरायला टेकलाय आणि ह्यांची हत्यारं देवाला बसलीत! आमच्या गावच्या वडाराची बसली. ठाणाकुशनूरकडच्या लोहाराची बसली. भालकीकडच्या सुताराची बसली. हळ्ळीखेडची अख्खी खाण बसली. सहा गावं फिरलो, सहाच्या सहा गावांत बसली! कुठला सण? कुठली अमावस्या? बाजारातले लोक हसायला लागले तसा मला जोर चढला. मी वाटेतली आणखी दोन गावंही सांगितली.

खाली उतरलो तेव्हा पांढरेशुभ्र कपडे घातलेला एक गृहस्थ पुढं आला. चेहरा हसरा. "वा, वा," म्हणाला. "असं बोलणारी पोरं पाहिजेत." त्यानं मला आणि त्या दोघा भावांना त्याच्या अडत दुकानावर नेलं. चहा मागवला. जे कप त्याला आले तेच आम्हाला आले. बशीसकट. दोघा भावांतल्या धाकट्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. आम्हाला वाटलं, बोलण्यानं जग बदलतं ते असं.

"पुन्हा सांगा बरं," तो म्हणाला, "कुठल्या कुठल्या गावात बसलीत म्हणालात?"

त्यानं खिशातून छोटी डायरी काढली. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. त्यानं पाच लिहिली. मी म्हणालो, पाच नव्हे, सहा. एक राहिलं तुमचं. ते मी त्याला पुन्हा सांगितलं. कधीपासून बसलीत तेही त्यानं विचारलं. मी आठवून सांगितलं, जवळजवळ एकाच आठवड्यात सगळी. "अस्सं," तो म्हणाला. "एकाच आठवड्यात." डायरी बंद केली, आमचा निरोप घेताना हात जोडले. दारात जीप उभी होती.

मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? चहाबद्दल नाही. "त्यानं लिहून कामून घेतलं?" मी म्हणालो, मदत करायला. मास्तर म्हणाले, "मदत करायची तर गावाचं नाव पुरतं का? माणसाचं विचारलं असतं." मग ते पंक्चर काढलेलं चाक हातानं फिरवत राहिले. ते चाक नीट बसलेलं होतं, तरी फिरवत राहिले.

हुमनाबाद गेलं, कमलापूरचा घाट गेला, गुलबर्गा मागं पडलं. पाचव्या दिवशी कडगंचीकडं जाणाऱ्या रस्त्यावर वडारांची पालं लागली. आणि मला आवाज आला. टक्, टक्, टक्. लोखंड दगडावर पडत होतं. मी सायकल टाकूनच धावलो.

एक म्हातारी जात्याला टाकी लावत बसली होती. जात्याची तळी गुळगुळीत झाली की दळण होत नाही, तेव्हा छिन्नीनं तिला पुन्हा खरवडी करायची, ते काम. डोळ्यात कच जाऊ नये म्हणून तिनं डोळे जवळजवळ मिटलेले.

"अक्का, तुमची हत्यारं उठलेली दिसायलीत!"

"उठली की." तिनं हात थांबवला नाही. "कालच उठली. समद्यांचीच उठली."

"कशी काय?"

तिनं आता माझ्याकडं बघितलं. मग माझ्या सायकलकडं, भोंग्याकडं. "तूच का रं त्यो? भोंगेवाला?"

"व्हय."

"मग मला कामून इचारायलास? तूच उठिवलीस."

 म्हातारीनं छिन्नी खाली ठेवली. तिनं जे सांगितलं ते तिच्या तऱ्हेनं सांगितलं, शिव्यांसकट. मी सरळ लिहितो.

आमच्या गावच्या वडाराला चावडीवर सांगितलं होतं, त्या वस्तीच्या विहिरीला दगड लावशील तर गायरानावरून पाल उठवू. त्याला नाही म्हणता येत नव्हतं, हो म्हणवत नव्हतं. त्यानं हत्यारं बसवली. बसलेली हत्यारं सगळ्यांनाच बसलेली असतात. आमच्यासाठी उठणार नाहीत, तशी मालकासाठीही नाहीत. मालकाचं दुमजली घर अर्ध्यावर होतं आणि घरात लेकीचं लग्न ठरलेलं. त्यानं बाहेरचा वडार बोलावला. त्याचीही बसली, तो ह्याचा साडू होता. लोहारानं धार लावली असती तर कुणीतरी काम केलं असतं, म्हणून लोहाराची बसली. चौकट सुताराकडं होती, सुताराची बसली. हळ्ळीखेडहून दगड येणार होता. तिथं तिच्या बहिणीचे लेक होते. कुणी कुणाला भांडण म्हणून सांगितलं नाही. भांडण म्हटलं तर डोकी फुटतात. देवाला बसवली म्हटलं की कुणाला बोलता येत नाही. प्रत्येक गावच्या मालकाला वाटत होतं, आपल्याच गावचा एक खुळा वडार नवस करून बसलाय.

"तुमचा मालक घायकुतीला आला होता," म्हातारी म्हणाली. "चार दिस. लई तर आठ. मग म्हनला असता, बांधा काय बांधायचं ते, पर आधी माजी चौकट उभी करा. ह्याच्या आदीबी आसंच झालंय. माज्या सासऱ्याच्या वक्ताला झालंय. कुनी भोंगा लावला नव्हता."

मी म्हणालो, आम्हाला कुणी सांगितलं का नाही?

"सांगितलं न्हाई?" ती म्हणाली. "गावोगाव तुमाला पानी पाजून सांगितलं, उतरू नगा, थांबा, बगू. आनखी कसं सांगत्यात? कागदावर?"

डायरी जीपमधून गावोगाव फिरली होती. दोन दिवसांत सगळ्या चावड्यांवर वडारांना बोलावणं गेलं. देवाला बसलीत ना, मग देवच तुम्हाला गायरान देईल. तिच्या पालांवरही माणसं आली होती. त्यांनी दोन पालांचे खुंट उपटून दाखवले, फक्त दाखवले, आणि परत ठोकायला सांगितले.

"आमच्या गावचा जो, त्याचं काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"ते मला ठावं न्हाई," म्हणून तिनं छिन्नी उचलली. तिला ठाऊक होतं असं मला अजूनही वाटतं.

परतीला आम्ही दोन दिवसांत सगळा रस्ता कापला. त्या रस्त्याचं एवढंच आठवतं की सगळीकडं आवाज होता. खाणीचा आवाज खरंच मैलभर आधी ऐकू आला. लिंबाखाली कुणी नव्हतं. लोहाराच्या भट्टीत जाळ होता. त्यानं आमच्याकडं पाठ केली. सुताराकडची चौकट गेलेली. टक्, टक्, टक्, गावामागून गाव. निघताना ह्याच आवाजासाठी जीव टाकत होतो. आता तो सुरू झाला की चुलत भावांतला धाकटा कानावर हात ठेवायचा आणि एका हातानं सायकल चालवायचा. कुणी आम्हाला अडवलं नाही. शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी पोचलो तेव्हा भाऊ विहिरीतच होता. वर चौघं जण दोर धरून. मी काठाशी गेलो, त्यांनी मला मागं ढकललं. काठावरची भेग आता हातभर रुंद झाली होती आणि तिच्या पुढं विहिरीच्या अंगाला जायचं नाही असं ठरलेलं. मी तिथूनच ओरडून सगळं सांगायला लागलो. खालून आवाज आला:

"ठावं हाय मला. तुझं भाषण तुझ्या आधी आलं हितं. टोपली वढा."

वर आल्यावर त्यानं हातपाय धुतले, भाकरी खाल्ली.  संध्याकाळी एवढंच म्हणाला, "खालचे दोन थर त्यानं रचताना मी बघितलेत. पुढचं आपण रचू." आई म्हणाली, तुला येतं का? तो म्हणाला, न्हाई.

आम्ही रचायला लागलो. दोन दगड टिकायचे, तिसरा ठेवला की सरकायचे. भाऊ खाली, मी दोरावर.

आमच्या गावचा वडार मालकाच्या घरी कामाला लागला होता. रोज दिवस मावळायच्या आत तो रेड्याची गाडी घेऊन आमच्या विहिरीवरून ओढ्याकडं जायचा, दगड आणायला. सोबत मालकाचा एक गडी, खांद्यावर काठी. वडाराच्या डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. तो आमच्याकडं बघायचा नाही. पहिल्या संध्याकाळी तो विहिरीजवळ आला आणि रेड्यावर खेकसला:

"आरं ए मुडद्या, लांब दगड आडवा कामून घालतोस? शेपूट मातीत घाल, तोंड पान्याकडं कर! तवा धरंल!"

गडी हसला. रेडा आपला चालत होता. गाडी पुढं गेली.

मी दोर सोडून त्याच्या मागं जाणार होतो, काहीतरी बोलणार होतो. मास्तरांनी, ते अजून गेले नव्हते, माझ्या दंडाला असं धरलं की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता. "गप," ते म्हणाले. "आइक."

त्या रात्रीपर्यंत आम्ही एक थर शेपूट, म्हणजे दगडाचं लांबट टोक, मातीत घालून रचला. धरला. दुसऱ्या दिवशी रेड्यानं आणखी शिव्या खाल्ल्या. तिसऱ्या थराला मोठा दगड, दोन थरांची सांध एकावर एक येऊ द्यायची नाही, मागं भराव मुरुमाचा घालायचा, मातीचा घातला तर आईला सांग रडायला. असा तो रेड्याला पाच दिवस शिकवत होता. वस्तीतली माणसं त्या वेळेला हातातलं काम टाकून पाठमोरी उभी राहायची आणि ऐकायची. भाऊ खालून विचारायचा, आज काय म्हनला? आणि मी, ज्याला शब्द न शब्द पाठ राहतो, सांगायचो. तेवढ्याच कामाचा मी होतो.

सहाव्या दिवशी आमचं काम मुरुम संपून काळी माती लागते तिथं आलं. विहीर तिथंच फाटते. खालचं घट्ट, वरचं सैल. भिंतीला पोट सुटतं ते त्या जागी. तिथं काहीतरी वेगळं करायचं असतं, हे आम्हालाही कळत होतं. काय, ते माहीत नव्हतं. आम्ही संध्याकाळची वाट बघत बसलो. गाडी आली. गाडीवर गडी एकटाच होता. रेडा तोच.

"आज येकटंच?" भावानं विचारलं.

"व्हय," गडी म्हणाला. "त्यो गेला."

"कुठं?"

"मला काय सांगून गेला? पाल न्हाई, मानसं न्हाईत."

मी गायरानावर जाऊन आलो. चार घरांपैकी तीन होती. चौथ्याच्या जागी खुंटांची भोकं आणि चुलीचे तीन दगड. मला बघताच शेजाऱ्यांनी पोरं आत ओढून घेतली आणि पालांचे पडदे सोडले. मग पुढं कितीतरी वर्षं मी लोहारांना विचारलं, खाणीवर विचारलं. कुणी म्हणालं हैदराबादकडं रस्त्याच्या कामावर आहे. कुणी काहीच म्हणालं नाही.

मुरुम आणि काळ्या मातीची ती सांध आम्ही अंदाजानं रचली. जाड दगड निवडले, मागं मुरुम ठोकून भरला, वर काळ्या मातीतले तीन परस रचत काठापर्यंत आलो. मिरगाला चार दिवस होते. आतापर्यंत भिंत उभी आहे. वस्ती तेच पाणी पिते, मीही पितो. दर वर्षी वैशाखात भाऊ कुणाला न सांगता एकटा उतरतो, त्या सांधीवर तळहात ठेवून उभा राहतो. मागच्या वर्षी मी विचारलं, कसं आहे? तो म्हणाला, "पोट दोन बोटं पुढं आलंय."

यंदा तो उतरला तेव्हा दोर माझ्या हातात होता. तो बराच वेळ वर आला नाही. मी हाक मारली नाही. आवाजानं माती सुटते.